हेड क्लीनिंगचं बटण दाबण्याआधी

लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजच्या बाजूला टेबल टाकायचं आणि पाहुण्यांचे फोटो जागेवर छापून द्यायचे, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. सहा रंगांचा फोटो प्रिंटर, शेजारी शाईची टाकी, आणि टाकीतून प्रिंटरमध्ये जाणारी सहा नळ्यांची पट्टी. एका लग्नात पहिले वीस-पंचवीस फोटो झकास आले. मग एका आजींचा फोटो हातात घेतला, तर चेहरा हिरवट. पुढचा त्याहून हिरवट. समोर रांग, मागे सनई, आणि मी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात: हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग (हेड) प्रिंटरकडूनच साफ करून घेणं. दोन फोटो बरे आले, तिसरा पुन्हा हिरवट. पुन्हा क्लीनिंग. तिसऱ्यांदा केल्यावर तर एकही फोटो धड येईना.

शेवटी टॉर्च मारून टाकी पाहिली. प्रवासात शाई सांडू नये म्हणून टाकीच्या हवेच्या छिद्रांना रबरी बुचं लावलेली असतात. हॉलवर पोचल्यावर ती सहाही काढायची. मी पाच काढली होती. लाइट मॅजेंटाचं, म्हणजे फिक्या गुलाबी शाईचं, तसंच राहिलं होतं. ते उपटलं तेव्हा फुस्स असा बारीक आवाज आला आणि टाकीत बुडबुडे उठले. प्रिंटर पंधरा मिनिटं तसाच राहू दिला, एकदा क्लीनिंग केलं आणि चेहऱ्यांवर रंग परत आला.

हेड ठीक होतं, शाई चांगली होती, नळ्या चांगल्या होत्या. टाकीत हवा शिरायला जागा नव्हती, म्हणून शाईला बाहेर पडता येत नव्हतं, एवढंच. सीआयएसएसवाल्या प्रिंटरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आधी हाच प्रसंग सांगतो, कारण टाकीपासून कागदापर्यंत शाई कशी वाहते हे एकदा डोळ्यांसमोर आलं की निम्म्याहून जास्त बिघाड घरच्या घरी सापडतात.

सीआयएसएस म्हणजे सतत शाई पुरवणारी व्यवस्था. साध्या इंकजेटमध्ये काही मिलिलिटर शाईचं छोटं कार्ट्रिज हेडबरोबर डावी-उजवीकडे फिरतं आणि संपलं की फेकून द्यायचं. फोटोचं काम करणाऱ्याला हे परवडत नाही, कारण ४ बाय ६ चा फोटो म्हणजे कडेपासून कडेपर्यंत शाईनं भरलेला कागद. म्हणून कारागिरांनी बाहेर मोठी टाकी ठेवून तिथून मऊ नळ्यांनी शाई हेडपर्यंत नेण्याची युक्ती काढली. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये एप्सनच्या सहा रंगी प्रिंटरना अशा टाक्या सर्रास बसवल्या गेल्या. पुढे कंपनीनंच तो मार्ग धरला. एप्सननं २०१० साली इंडोनेशियात टाकी बसवूनच प्रिंटर विकायला सुरुवात केली, मग एल८००, एल८०५, एल१८०० हे फोटोचे प्रिंटर आले. कॅनन आणि एचपीनंही टाकीवाले प्रिंटर काढले. टाकी बाहेरून बसवलेली असो की कंपनीची, आतली तत्त्वं तीच.

आता हेड. एल८०५ सारख्या प्रिंटरमध्ये प्रत्येक रंगाला ९० नोझल (शाई बाहेर पडायची बारीक तोंडं), म्हणजे सहा रंगांची मिळून ५४०. त्यातून पडणारा सगळ्यात छोटा थेंब दीड पिकोलिटरचा. पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा हिस्सा. गणित केलं तर एक मिलिलिटर शाईत असे साठ कोटींहून जास्त थेंब बसतात, आणि एका थेंबाची जाडी साधारण १४ मायक्रॉन भरते. डोक्यावरचा केस याच्या चार-पाच पट जाड असतो. म्हणून तर धुळीचा एक कण किंवा वाळलेल्या शाईची एक खपली पुरेशी होते.

हा थेंब ढकलायच्या दोन पद्धती आहेत. एप्सनच्या हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे पिझो स्फटिकाचा पातळ तुकडा असतो. त्याला वीज दिली की तो किंचित वाकतो आणि शाईला धक्का देतो. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये एक सूक्ष्म हीटर शाईला क्षणभर उकळवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. कॅननमध्ये १९७७ साली प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजला चुकून टेकलं, सुईतून शाई उडाली, आणि त्यातून ही दुसरी पद्धत सुचली असं कंपनी सांगते.

आपल्या कामासाठी या फरकाचा अर्थ असा. उष्णतेवर चालणाऱ्या हेडला शाई हीच थंडावा देते. शाई न येता ते छापत राहिलं तर हीटर जळतो, आणि जळलेलं हेड कितीही धुतलं तरी उपयोग नाही. पिझो हेड असं पटकन जळत नाही, पण त्याला हवेचं वावडं आहे. नोझलमागच्या खोलीत हवेचा बुडबुडा अडकला की स्फटिकाचा धक्का शाईपर्यंत पोचतच नाही, मधला बुडबुडाच तो गिळतो. हवा दाबली जाते, शाई दाबली जात नाही. बुडबुडा आकसतो, पुन्हा फुगतो, आणि थेंब काही पडत नाही. कागदावर हे हुबेहूब चोकअपसारखं दिसतं. म्हणून शाई वाळली आहे की हवा शिरली आहे, हे ठरवल्याशिवाय क्लीनिंग करणं मला पटत नाही.

हे ठरवायचं साधन प्रिंटरमध्येच आहे: नोझल चेक. प्रत्येक रंगाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बारीक रेघा छापल्या जातात आणि त्यातली एकेक रेघ म्हणजे एकेक नोझल. बहुतेक जण एक पान काढतात, रेघा तुटलेल्या दिसल्या की लगेच क्लीनिंगला लावतात. माझं सांगणं वेगळं आहे. क्लीनिंग न करता लागोपाठ तीन नोझल चेक काढा, त्यांच्यावर १, २, ३ लिहा आणि एकाखाली एक ठेवून उजेडात बघा.

तिन्ही पानांवर नेमक्या त्याच जागी रेघ तुटली असेल, तर त्या नोझलमध्ये काहीतरी अडकलं आहे. तुटण्याच्या जागा पानागणिक बदलत असतील, तर बहुधा हवा आहे. पहिलं पान पूर्ण, दुसऱ्यात थोडं कमी, तिसऱ्यात एका रंगाचा अख्खा तुकडा गायब, असं असेल तर शाई कमी पडते आहे. यावर खात्री करायची असेल तर संशय असलेल्या रंगाचं पूर्ण पान भरून छापा. वरचा भाग गडद आणि खाली येता येता फिका होत गेला, तर हेड निर्दोष आहे आणि मागून पुरवठा तुटतो आहे. मग अर्धा तास थांबून पुन्हा छापा. विश्रांतीनंतर आपोआप सुधारलं तर शंकाच उरत नाही. वाळलेली शाई अर्ध्या तासात सुटत नसते.

इथे दोन बारकावे. फिक्या रंगांचं पान छापणं थोडं अवघड असतं, कारण कोणती शाई वापरायची ते ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) ठरवतो. एकदम फिकट गुलाबी पान दिलं तर बहुतेक लाइट मॅजेंटा वापरली जाते, फिकट आकाशी दिलं तर लाइट सायन. दुसरं म्हणजे पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. आकाशकंदिलाला लावतात तो निळा जिलेटिन कागद टॉर्चवर धरा आणि त्या उजेडात बघा. पिवळ्या रेघा काळपट होऊन एकदम उठून दिसतात.

फोटो बघूनही कोणता रंग गेला ते कळतं. माणसाच्या त्वचेचा रंग मुख्यतः लाइट मॅजेंटा आणि पिवळा यांच्यातून तयार होतो, सावलीच्या भागात थोडा सायन येतो. लाइट मॅजेंटा गेला की चेहरा हिरवट पडतो, आमच्या त्या आजींचा पडला तसा. लाइट सायन गेला की पांढऱ्या शर्टाच्या घड्यांमधली करडी सावली तांबूस होते. पिवळा गेला की सगळ्यावर जांभळट निळी छटा येते. पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे फोटो छापणाऱ्याच्या टाकीत हे दोन फिके रंग सगळ्यात आधी संपतात, म्हणून ओरडही त्यांचीच जास्त.

आता शाईच्या वाटेनं टाकीपासून निघू.

बाहेरच्या टाकीत प्रत्येक रंगाचे दोन कप्पे असतात, एक मोठा आणि समोर एक छोटा. दोन्ही तळाशी एकमेकांना जोडलेले. मोठ्या कप्प्यावर शाई भरायचं मोठं छिद्र, छोट्या कप्प्यावर हवेचं लहान छिद्र. छापताना मोठं छिद्र घट्ट बंद आणि लहान उघडं ठेवायचं. मोठ्या कप्प्यातून शाई ओढली जाते तशी छोट्या कप्प्यातून हवा बुडबुड्यांनी आत येते, आणि टाकी भरलेली असो की अर्धी, हेडला जाणवणारी पातळी तीच राहते. हवेचं छिद्र बंद राहिलं तर आत निर्वात पोकळी तयार होते आणि शाई अडते. उलट मोठं बूच सैल राहिलं तर दोन्ही कप्प्यांची पातळी एक होते, शाई छोट्या कप्प्यात चढते आणि हवेचा फिल्टर भिजवते. भिजून वाळलेला फिल्टर म्हणजे पुन्हा बंद छिद्रच, फक्त यावेळी बाहेरून काही दिसत नाही. टाकी प्रवासात आडवी झाली असेल तर हे फिल्टर आधी तपासा. डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन पूर्ण सुकवता येतात, नाहीतर नवे बसवावेत.

हॉलमध्ये मी तीन वेळा क्लीनिंग केलं तेव्हा थोडा वेळ फोटो सुधारले ते कशानं, हेही आता कळेल. क्लीनिंगचा पंप हेडच्या खालून जोरानं शाई ओढतो. त्या ओढीनं बंद टाकीतूनही थोडी शाई आली. पण तेवढी शाई बाहेर गेल्यावर आतली पोकळी आणखी वाढली, आणि नंतर पंपालाही शाई मिळेना. प्रत्येक क्लीनिंगनं दुखणं वाढवलं. त्या दिवसापासून माझी सहाही बुचं एका दोऱ्यात ओवलेली असतात. काढली की सहा एकदम हातात आली पाहिजेत.

कंपनीच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये ही बुचं नसतात, पण एल८०० सारख्या मॉडेलांत टाकीजवळ प्रवासासाठी एक खटका दिलेला असतो. तो फिरवला की सहाही नळ्या बंद होतात. प्रिंटर नवीन जागी नेल्यावर हा खटका छपाईच्या खुणेवर परत आणायचं राहून जातं. सगळेच रंग एकदम फिके पडायला लागले तर पहिला हात या खटक्याकडे जाऊ द्या.

टाकीची उंची हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नोझल खालच्या बाजूला उघडी असतात. तरी शाई गळत नाही, कारण टाकीतली शाईची पातळी नोझलपेक्षा थोडी खाली असते आणि हेडमधली शाई हलकीशी मागे ओढलेली राहते. नोझलच्या तोंडाशी शाईचा पडदा किंचित आत वळलेला असतो. टाकी प्रिंटरच्या डोक्यावर ठेवली तर हा तोल मोडतो. शाई नोझलमधून पाझरते, कॅपमध्ये साचते आणि शेजारच्या रंगांत मिसळते. मग पिवळ्याच्या जागी हिरवं छापलं जातं आणि माणूस शाईवाल्याला दोष देतो. टाकी खाली, स्टुलावर किंवा जमिनीवर ठेवली तर ओढ जास्त होते आणि नोझलमधून हवा आत शिरते. काही सेंटिमीटरचा फरकही हेडला जाणवतो. टाकी आणि प्रिंटर एकाच सपाट टेबलावर ठेवा. जागा कमी पडते म्हणून टाकी वर चढवलेली मी कितीतरी दुकानांत पाहिली आहे, आणि तिथे बहुतेक ठिकाणी प्रिंटरखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं.

पुढे नळ्या. शहाळं पिताना स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटानं दाबून उचला. पाणी स्ट्रॉमध्येच राहतं. बोट सोडलं की खाली पडतं. सीआयएसएसच्या नळ्याही याच जोरावर भरलेल्या राहतात. हेडच्या बाजूला कुठे बारीक फट असेल तर तिथून हवा येते, आणि प्रिंटर बंद असताना शाई हळूहळू टाकीत परत जाते. सकाळी आल्यावर नळीत बोटभर लांबीची रिकामी जागा दिसली तर हेच झालेलं असतं. मोहरीएवढे एक-दोन बुडबुडे दिसले तर घाबरू नका, ते सगळ्यांच्या नळ्यांत असतात. रिकामी जागा रोज वाढत असेल तर मात्र फट शोधावी लागते. ती हेडच्या बाजूनं वाढत असेल तर डॅम्पर (नळी आणि हेड यांच्या मधली शाईची छोटी डबी), त्याची रबरी रिंग किंवा कार्ट्रिजवरचा कोपऱ्याचा जोड बघा. टाकीच्या बाजूनं हवा येत असेल तर बहुधा शाई खालच्या रेषेच्या खाली गेलेली असते.

नळ्यांची लांबीही बघून घ्या. झाकण उघडून हेड पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे जाताना नळ्या कुठे ताणल्या जातात, कुठे घासतात, कुठे झाकणाखाली दबतात ते निरखा. एकाच बाजूला फोटो फिका पडत असेल तर नळी त्या टोकाला दुमडते आहे असं समजा.

नळीतली हवा काढायची असेल तर डॅम्परच्या किंवा कार्ट्रिजच्या शाई बाहेर पडायच्या तोंडाला सुई नसलेली सिरिंज लावून हळूहळू ओढायचं, सलग शाई येईपर्यंत. हेडमध्ये सिरिंजनं जोर लावून काहीही ढकलू नका. हेडच्या आतल्या नाजूक थरांना एवढा दाब सोसत नाही आणि आतून रंग एकमेकांत मिसळायला लागले की हेड गेलंच. कंपनीच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये सिरिंजची गरज नसते. पॉवर क्लीनिंगसारखी सोय असते, ती नळ्यांतली सगळी शाई बदलून टाकते. ती शाई फार खाते, म्हणून टाकीत पुरेशी शाई असल्याशिवाय आणि बाकी सगळं तपासल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नये.

शाई भरतानाही काळजी आहे. बाटली जोरजोरानं हलवून लगेच ओतली की त्यात बारीक हवा मिसळलेली असते, आणि ती थेट हेडकडे जाते. सावकाश ओता, आणि टाकी अगदी रिकामी झाली होती असं असेल तर काही तास प्रिंटरला हात लावू नका. हेडमध्ये अडकलेल्या बुडबुड्याचं औषधही बहुधा हेच असतं. दोन-तीन क्लीनिंगनंतर सुधारणा नसेल तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवा. हवा हळूहळू शाईत विरघळते आणि सकाळचा नोझल चेक पुष्कळदा पूर्ण येतो. मला हे पटायला वेळ लागला, कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना काहीच न करणं सगळ्यात कठीण जातं.

आता उजवीकडच्या कोपऱ्यात जाऊ, जिथे हेड विश्रांतीला उभं राहतं. तिथे रबरी काठाची एक छोटी पेटी असते, तिला कॅप म्हणतात. आत स्पंज, खाली पंपाची नळी. हेड उभं असताना ही कॅप वर येऊन नोझलना झाकते, शाई वाळू देत नाही, आणि क्लीनिंगच्या वेळी याच झाकणातून शाई ओढली जाते. काठावर वाळलेल्या शाईचा राप बसला की झाकण घट्ट बसत नाही. मग पंप शाईऐवजी बाजूची हवा ओढतो. क्लीनिंगचा आवाज नेहमीसारखा येतो, वेळही तेवढाच लागतो, आणि आत काहीच होत नाही. दहा वेळा क्लीनिंग करूनही ढिम्म फरक नाही असं कोणी सांगितलं की मी आधी कॅपच बघतो.

तपासणी सोपी आहे. हेड बाजूला घ्या, कॅपच्या स्पंजवर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब सोडा, पेटी काठोकाठ भरेपर्यंत. गाडीच्या बॅटरीत घालायचं मिळतं ते पाणी चालतं. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातल्या क्षारांची नवीच ब्याद होते. आता एक क्लीनिंग करा आणि हेड पुन्हा बाजूला घेऊन बघा. पाणी गायब झालं असेल तर पंप ओढतो आहे. तसंच साचून राहिलं असेल तर पंप किंवा त्याची नळी तुंबली आहे. कॅपचे काठ चष्मा पुसायच्या कापडानं, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, हळुवार पुसा. कापूस वापरू नका, त्याचे धागे नोझलला चिकटतात. शेजारी उभी रबरी पट्टी असते, हेडची खालची बाजू पुसणारी. तीही पुसून घ्या. तिच्यावर केस किंवा धागा अडकला असेल तर ती शाई पुसायच्या ऐवजी फासत जाते.

खरोखरच शाई वाळली असेल तर याच कॅपचा उपयोग होतो. स्पंजवर हेड क्लीनिंगचं लिक्विड सोडून हेड त्यावर उभं करा आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी एक क्लीनिंग, एक नोझल चेक. दोन-तीन रात्री असं करून सुटलेली हेड मी पाहिली आहेत. थिनर, ॲसिटोन असलं काही लावू नका. आतले चिकटवलेले थर त्यानं सुटतात.

पंपानं ओढलेली शाई जाते कुठे? प्रिंटरच्या तळाशी नमद्यासारखा जाड पॅड असतो, त्यात. किती शाई गेली याचा हिशोब प्रिंटर स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि ठरलेला आकडा आला की छपाई थांबवून पॅड संपल्याचा संदेश देतो. बाजारात तो आकडा शून्य करून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. पण आकडा शून्य झाला म्हणून पॅड कोरडा होत नाही. नुसते रीसेट मारत राहिलं की एक दिवस टेबलावर काळं थारोळं दिसतं. पॅड बदला, किंवा पंपाची नळी बाहेर काढून बाटलीत सोडून घ्या. नव्या काही मॉडेलांत आपल्याला बदलता येणारी मेंटेनन्सची डबी असते, ते उत्तम.

मी बाटलीच लावली आहे आणि तिचे दोन फायदे झाले. क्लीनिंगच्या वेळी बाटलीत थेंब पडतात की नाही, यावरून पंपाची तब्येत उभ्या उभ्या कळते. आणि क्लीनिंगमध्ये किती शाई जाते ते डोळ्यांना दिसतं. पूर्वी मी रोज सकाळी सवयीनं एक क्लीनिंग करायचो. बाटली महिन्याभरात कशी चढते ते पाहिल्यावर ती सवय गेली.

चिपबद्दल थोडक्यात. बाहेरच्या टाकीच्या कार्ट्रिजवरची चिप शाई मोजत नाही, प्रिंटर छापलेल्या थेंबांवरून जो अंदाज मांडतो तो साठवते. स्क्रीनवर शाई पूर्ण दिसत असताना टाकी रिकामी असू शकते आणि उलटही. टाकी पारदर्शक आहे, डोळ्यांवर भरवसा ठेवा. कार्ट्रिज ओळखलं जात नाही असा संदेश आला तर चिपचे सोनेरी ठिपके कोरड्या कापडानं पुसून कार्ट्रिज पुन्हा नीट दाबून बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

कधी कधी नोझल चेक अगदी पूर्ण येतो आणि फोटोचे रंग तरीही चुकतात. मग नळ्यांकडे जाऊच नका. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार साधा ठेवून ग्लॉसी कागद घातला की शाईचं प्रमाण चुकतं. शाईचा ब्रँड बदलला की जुनं कलर प्रोफाइल (रंग जुळवायची फाइल) तिला लागू पडत नाही. आणि डाय (विरघळलेल्या रंगाच्या) शाईच्या टाकीत पिगमेंट (रंगाचे बारीक कण असलेली) किंवा मगवर छापायची सब्लिमेशन शाई मिसळू नये. रंग तर बिघडतोच, पण दोन शायांची रसायनं जमली नाहीत तर गाळ धरतो आणि तो थेट डॅम्परच्या जाळीत जाऊन बसतो.

हवामानाचाही भाग आहे. विदर्भात मे महिन्यात कूलरचा झोत सरळ प्रिंटरवर येईल असा ठेवू नका, आणि आठवड्यातून निदान एकदा सहाही रंग वापरले जातील असा एक छोटा फोटो काढा. कोकणात पावसाळ्यात शाई वाळायची भीती कमी, पण ग्लॉसी कागद ओल धरून वळतो आणि त्याची कड हेडला घासते. पाकीट उघडलं की उरलेला कागद हवाबंद पिशवीत गेला पाहिजे.

आणि प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या स्वतःच्या बटणानं. भिंतीवरचा बोर्ड आधी बंद केला तर हेड कॅपवर न जाता वाटेतच उभं राहतं, उघडं. शनिवारी संध्याकाळी असं झालं आणि दुकान सोमवारी उघडलं, तर दीड दिवस नोझल हवेवर वाळत होती. ज्या गावात वीज मध्येच जाते तिथे छोटा यूपीएस लावा. चालू फोटो पुरा होऊन हेड घरी पोचेल एवढी वीज मिळाली तरी पुरे.

हे सगळं करूनही तीच एक रेघ, त्याच जागी, महिनाभर गायब राहिली तर त्या नोझलचा स्फटिक किंवा त्याची वायर गेली असं धरा. शंभर क्लीनिंगनंही ती परत येत नाही. एखादी रेघ गेली असेल तर उच्च दर्जाच्या छपाईत हेड एकाच ओळीवरून अनेकदा जातं, शेजारची नोझल ती जागा भरून काढतात आणि फोटोत काही कळत नाही. असे प्रिंटर पुढे वर्षानुवर्षं चालतात. रेघांचा अख्खा गठ्ठा गेला असेल तर हेडची किंमत विचारा आणि प्रिंटरच्या किमतीशेजारी लिहून बघा. एप्सनच्या फोटो प्रिंटरमध्ये हेड बदलायचा खर्च पुष्कळदा नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. कॅननच्या जी मालिकेत हेड आपल्या हातानं काढून नवं बसवता येतं, तिथे हिशोब वेगळा पडतो. जुना प्रिंटर टाकून द्यायचा ठरलं तरी त्याच्या टाकीतली शाई, बुचं, फिल्टर आणि न बिघडलेले डॅम्पर काढून ठेवा. त्याच मॉडेलचा प्रिंटर वापरणारा कोणीतरी ओळखीत असतोच.